तपकीर फार कोरडी पडली आहे. ओलावा कसा आणावा?

अथणीची सूनबाई:
सर्वांना नमस्कार. आमचे मामंजी ऐंशीच्या घरात असून तरुणपणापासून तपकीर ओढतात. एकदम बरीचशी आणून काचेच्या बरणीत भरायची आणि लागेल तशी कमरेच्या डबीत घ्यायची, अशी त्यांची पद्धत आहे. यंदा अथणीच्या उन्हाळी वाऱ्याने बरणीतली तपकीर इतकी कोरडी पडली आहे, की चिमटीत घेताच ती उडते, नाकात न थांबता थेट घशात उतरते आणि त्यांना ठसका लागतो. शेजारच्या आजी गुलाबपाणी शिंपडायला सांगतात. तसे करावे का? त्यांनी ही सवय सोडावी असे आम्हा सर्वांनाच वाटते. परंतु ते ऐकत नाहीत, आणि तो ठसका पाहवत नाही.

निपाणीकर:
ताई, गुलाबपाणी शिंपडू नये. थेंब पडेल तिथे गोळी बनते, बाकीची तपकीर कोरडीच राहते, आणि त्या ओल्या गोळीच्या पोटात चार दिवसांत बुरशी धरते. ओलावा द्यायचा तो हवेतून द्यावा, पाण्यातून नव्हे. आमच्या भागात शेतात वाळलेला तंबाखूचा पाला भर दुपारी उचलला तर हातातच त्याचा चुरा होतो. म्हणून पहाटेच्या दवाने तो मऊ पडला की गोळा करतात, त्यावर कोणी घागर ओतत नाही. तपकीर हा त्याच पाल्याचा भुगा असल्यामुळे तीही हवेतला ओलावा आपणहून ओढून घेते.

घट्ट झाकणाचा डबा घ्यावा. एका वाटीत साधे मीठ घेऊन त्यात ते पुरते विरघळणार नाही इतकेच पाणी घालावे, म्हणजे ओल्या वाळूसारखा लगदा होईल. ही वाटी डब्यात ठेवून शेजारी ताटलीत तपकीर पातळ पसरावी. लगदा तपकिरीला लागता कामा नये. बंद डब्यात अशा मिठावरची हवा सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर थांबते, त्यापुढे जात नाही, आणि मिठाचा खरा उपयोग तोच आहे. नुसता ओला कापूस ठेवला तर आर्द्रता शंभराकडे जाते. सकाळ-संध्याकाळ ताटली हलवून चिमटीने पाहावे. तपकीर बोटांना किंचित धरून राहिली आणि चोळताच मोकळी झाली, की लगेच बाहेर काढून लहान बाटलीत गच्च भरावी. तिथेच विसरून राहिली तर बुरशीचा धोका आहेच.

खानापूरहून:
आमच्याकडे पावसाळ्यात नेमकी उलटी तक्रार असते, डबीतली तपकीर ढेकळासारखी बसते. कोरडी पडलीच तर आमचे वडील बरणीत बटाट्याची चकती टाकत असत आणि तपकीर छान मऊ होत असे. एवढा खटाटोप कशाला?

निपाणीकर:
चकतीने तपकीर मऊ होते हे खरे आहे, पण ती किती मऊ होणार यावर आपला ताबा राहत नाही, शिवाय चकती स्वतःच लवकर नासते. रात्रभर ठेवून सकाळी काढण्याची शिस्त असेल तर चालेल. ताईंनी आधी एक मात्र तपासावे. काही तपकिरी पाला भाजून, अगदी वस्त्रगाळ करून मुळातच कोरड्या बनवतात. त्यांचा कोरडेपणा हा दोष नसून ती जातच तशी असते. काहींत तूप आणि चुना असतो. अशा तपकिरीला खवट वास येत असेल तर ती शिळी झाली आहे, ओलाव्याने सुधारणार नाही, टाकून द्यावी. उडून गेलेला सुवासही कोणत्याच उपायाने परत येत नाही.

अथणीची सूनबाई:
खवट वास नाही, आणि आणली तेव्हा ती चांगली दमट होती. मीठ करून पाहते. ठसक्यासाठी आणखी काही करता येईल का?

बेळगाव, औषध दुकान:
वहिनी, कोरडी तपकीर जोराने ओढली की मागे घशापर्यंत जाते. चिमूट लहान घ्यावी आणि नाकपुडीच्या तोंडाशी धरून, फुलाचा वास घ्यावा इतक्याच हलक्या श्वासाने ओढावी. पहिली शिंक येऊन गेल्याखेरीज दुसरी चिमूट घेऊ नये. उन्हाळ्यात नाक आतून आधीच सुकलेले असते, त्यात चुन्याची तपकीर गेली की आतली त्वचा सोलवटते. खपली धरत असेल किंवा रक्त येत असेल, तर तपकीर बंद ठेवून नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे, आणि मामंजी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांकडे जायला मुळीच उशीर करू नये. तपकीर दमट केल्याने ठसका कमी होईल, तंबाखूचा अपाय कमी होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने धूरविरहित तंबाखूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात धरले आहे, त्यात तपकीरही येते. संपेपर्यंत नवी बरणी भरू नका, आठवड्यापुरतीच आणा. कोरडी पडण्याचा प्रश्न त्यानेच निम्मा सुटेल, आणि ते रोज किती ओढतात हेही घरच्यांच्या नजरेस राहील.