मदत हवी आहे: दादाला श्रावणापासून दारू कायमची सोडायची आहे. घरीच एकदम बंद केली तर चालेल का?

केवडा

नमस्कार. माझं माहेर डिचोली तालुक्यात, सासर फोंड्याला. प्रश्न माझ्या दादाचा आहे आणि त्याला विचारूनच इथे लिहिते आहे. उत्तर लवकर हवं आहे, कारण श्रावण तोंडावर आलाय आणि श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून थेंबालाही शिवायचं नाही असं त्याने आईसमोर सांगितलं आहे. "आतां पुरो जालें," एवढंच म्हणाला.

दादा ४६ वर्षांचा. खनिजाचे ट्रक चालवायचा, स्वतःचे दोन होते. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. पिणं त्याआधीही होतं, पण संध्याकाळपुरतं. ट्रक दारात उभे राहिले तसं ते दुपारवर आलं आणि आता सकाळवर. रोज दीड ते दोन क्वार्टर, बहुतेक काजूची फेणी, मार्च-एप्रिलात हुर्राक, म्हणजे काजूचीच कमी कडक दारू.

शरीराचं सांगते. सकाळी हात इतके थरथरतात की चहाचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो, आणि पहिला पेग पोटात गेला की थरथर थांबते. तोंड धुताना कोरड्या ओकाऱ्या येतात. दंड आणि मांड्या सुकल्या आहेत, पोट मात्र पुढे आलंय. पावलांवर सूज आहे, बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहतो. रात्री तळपाय जळतात म्हणून ओल्या फडक्यावर पाय ठेवून झोपतो. गेल्या महिन्यात वहिनीला त्याचे डोळे पिवळट वाटले. यकृताच्या रक्ततपासणीत एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आलं, गॅमा जीटी खूप वाढलेलं, प्लेटलेट कमी. सोनोग्राफीत यकृत आणि पानथरी दोन्ही मोठी, पोटात थोडं पाणी. अहवाल पाहिल्यापासून तो स्वतःहून सोडायचं म्हणतोय, हे मला फार मोठं वाटतं. त्याच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही.

भीती वेगळ्याच गोष्टीची आहे. गेल्या श्रावणातही त्याने अशीच बंद केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात पडला, अंग ताठ झालं, दातखीळ बसली. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्या चालताहेत म्हणून हाताने झाडत होता, आमच्या वारलेल्या बाबांशी बोलत होता, घामाने अंथरूण भिजलं होतं. घरच्यांना वाटलं देवचाराचं, म्हणजे गावाच्या राखणदाराचं, काहीतरी चुकलंय. घाड्याकडे, म्हणजे देवऋषाकडे, जाऊन आले. शेवटी शेजारच्या काकांनी दोन पेग पाजले आणि तो तासाभरात शांत झाला. तेव्हापासून आमच्याकडे सगळे धरून बसलेत की याला दारू सोसते, सोडणं सोसत नाही.

तर विचारायचं ते हे. तो प्रकार कशामुळे झाला? तो पुन्हा होईल का? घरी राहून, देवाचं नाव घेऊन, सगळ्यांनी आळीपाळीने जागून हे जमेल का? वहिनी इस्पितळाला तयार आहे, आई नाही.

निवृत्त_परिचारिका

केवडा, आधी मुख्य उत्तर: घरी एकदम बंद करू देऊ नका, आणि श्रावणाची वाटही पाहू नका. उद्याच इस्पितळात न्या.

मी अनेक वर्षं सरकारी इस्पितळात मेडिसिन वॉर्डात होते. तुम्ही गेल्या श्रावणाचं जे लिहिलंत ते आम्ही वॉर्डात सतत पाहायचो. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दडपणाखाली राहायला शिकलेला असतो. त्या दडपणावर मात करायला तो स्वतःला सारखा चेतवत असतो. दारू अचानक थांबली की दडपण जातं, चेतवणं मात्र चालूच राहतं. म्हणून काही तासांत थरथर, घाम, धडधड. साधारण ६ ते ४८ तासांत झटका, म्हणजे फिट, येऊ शकते. तुमचा दादा न्हाणीघरात पडला तो हाच. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होतो, नसलेले किडे दिसतात, माणूस वारलेल्यांशी बोलतो. याला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. दोन पेगांनी तो शांत झाला कारण मेंदूला हवं असलेलं दडपण परत मिळालं. दारू सोसते असा त्याचा अर्थ होत नाही. उपचाराविना या अवस्थेत माणसं दगावतात. आणि एकदा हे होऊन गेलेल्याला पुढच्या वेळी आणखी जोरात होण्याचा धोका असतो.

आईंना हे माझ्या वतीने सांगा: देवाचं नाव घ्यायला इस्पितळात कुणी अडवत नाही.

तिथे काय करतात तेही सांगते, म्हणजे भीती कमी होईल. मेंदूला शांत ठेवणारी गोळी देतात आणि काही दिवसांत तिचा डोस उतरवत नेतात. यकृत खराब असेल तर लोराझेपामसारखं, यकृतावर कमी भार टाकणारं औषध निवडतात. सोबत थायमिन, म्हणजे ब जीवनसत्त्वातला एक प्रकार, इंजेक्शनने. अशा रुग्णाला थायमिनच्या आधी नुसतं ग्लुकोज चढवायचं नसतं, त्याने मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून अशक्तपणा आलाय म्हणत गल्लीतल्या दवाखान्यात सलाईन लावून घेऊ नका. गेल्यावर पहिल्याच मिनिटाला रोज किती पितो आणि गेल्या वर्षी झटका आला होता हे सांगा. लाजेपोटी लोक निम्मं सांगतात आणि औषधाचं गणित चुकतं.

दादाला डॉक्टरांनी पाहीपर्यंत त्याने स्वतःच्या मनाने एकदम थांबू नये. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तुमच्या घरच्या बाबतीत तेच सुरक्षित आहे. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, झटका, ताप, किंवा बोलण्यात असंबद्धपणा, यातलं काहीही दिसलं तर उद्याचीही वाट न पाहता १०८ ला फोन करा.

कुळागर

एवढं घाबरायचं कारण नाही असं मला वाटतं. फेणी घरच्या भट्टीची असेल तर शुद्ध असते, त्यात रसायन नाही. आमचे आजोबा रोज घ्यायचे. आणि सोडवायची पावडर मिळते, जेवणात न कळत घातली की माणूस आपोआप दारूला तोंड लावत नाही. शेजारच्या गावात एकाला गुण आला आहे.

निवृत्त_परिचारिका

कुळागर, तुम्ही आपुलकीने लिहिलंत, पण पावडरचा सल्ला या माणसाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून स्पष्ट लिहिते. अशा पावडरीत पुष्कळदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू प्याली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हे औषध डॉक्टर देतात ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, आणि यकृताची अशी अवस्था असताना टाळतात. न सांगता घातलेलं औषध म्हणजे विषप्रयोगच.

फेणीबद्दल. यकृताला काजू कळत नाही, माड कळत नाही. बाटलीतल्या फेणीत सुमारे ४२.८ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे ३० मिलीच्या पेगात साधारण १० ग्रॅम. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीत, ६०. दीड-दोन क्वार्टर म्हणजे रोज ९० ते १२० ग्रॅम, आणि ते वर्षानुवर्षं. घरच्या भट्टीच्या मालाचं तर मापही कुणाला माहीत नसतं.

वाळपईचा_वाटसरू

केवडाताई, मी त्या वाटेने गेलेला माणूस आहे, दादाला हे वाचून दाखवलंत तर बरं होईल.

दादा, मला बांबोळीला मानसोपचार संस्थेत नेलं. वेड्यांच्या इस्पितळात नेताहेत म्हणून मी वाटेत गाडीतून उतरायला निघालो होतो. आत गेल्यावर पाहिलं तर माझ्यासारखेच ट्रकवाले, शिक्षक, बँकेतले लोक. थरथर औषधाने दोन-तीन दिवसांत आटोक्यात आली. झोप मात्र पुष्कळ आठवडे लागली नाही, ते कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगतो. झोप नाही म्हणून परत प्यायला सुरुवात करणारे मी पाहिलेत. ती येते. तळपायांची जळजळ सगळ्यात शेवटी कमी झाली, आणि थोडी अजून आहे.

माझ्या यकृतावर नुसती चरबी होती, दारू थांबल्यावर काही आठवड्यांत अहवाल सुधारले. तुमचं त्याच्या पुढे गेलेलं दिसतंय, म्हणून खोटी आशा दाखवणार नाही. पण पोटात पाणी झालेले आणि दारू पूर्ण सोडल्यावर कामाला लागलेले लोकही मला माहीत आहेत.

इस्पितळातून आल्यावरचं आताच ठरवा. संध्याकाळी सहा ते नऊ हा वेळ कठीण. मी तेव्हा बारवरून जाणारा रस्ताच सोडला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या गटाच्या, सभा गोव्यात होतात, पैसे लागत नाहीत. पहिल्या दिवशी मी कोपऱ्यात गप्प बसलो होतो, कुणी काही विचारलं नाही.

केवडा

सगळ्यांचे मनापासून आभार. परिचारिकाताईंचं उत्तर मी आईला दोनदा वाचून दाखवलं. तिला झटक्याचं पटलं, कारण न्हाणीघरातून त्याला तिनेच ओढून बाहेर काढलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्याला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. पोटातलं पाणी तपासायला काढलं, थायमिन सुरू केलं. मानसोपचाराचे डॉक्टरही वॉर्डात येऊन पाहून गेले. यकृत सिरोसिसकडे, म्हणजे कायमचं घट्ट आणि निकामी होण्याकडे, झुकलंय असं म्हणाले. थोडा घाबराघुबरा झाला, पण या वेळी झटका आला नाही, मुंग्या दिसल्या नाहीत. वाटसरूदादा, तुमचं लिहिलेलं त्याने वाचलं आणि सहा ते नऊचं काय करायचं ते वहिनीशी बोलत होता.

आता दोन प्रश्न. त्याला श्रावणी सोमवार धरायचे आहेत, नुसत्या पाण्यावर. आणि आईला गुळवेलीचा काढा द्यायचा आहे. चालेल का? शिवाय चतुर्थीला घरी पंचवीसेक माणसं जमतात, आरत्या झाल्यावर मागच्या पडवीत बाटली फिरते. त्याचं काय करू?

निवृत्त_परिचारिका

फार बरं वाटलं वाचून.

उपास अजिबात नको. अशा यकृताला साठा करून ठेवता येत नाही, रात्रभर पोट रिकामं राहिलं तरी शरीर स्वतःचे स्नायू खायला लागतं. दंड-मांड्या सुकल्या त्यामागे हेही एक कारण आहे. त्याला थोडं थोडं, वारंवार खाऊ द्या, आणि झोपण्यापूर्वी काहीतरी नक्की: दूध-पोळी, पेज, मुगाचं कण्ण. डाळी, मूग, दूध, अंडी, मासे बंद करू नका. यकृत बिघडलं की प्रथिनं तोडायची हा जुना समज आहे. तोडायचं ते मीठ. खारं सुकं, लोणचं, पापड, खारातल्या कैऱ्या घरातून उचलाच. तिसऱ्या, कालवं खायची तर पूर्ण शिजवलेलीच, अर्धकच्च्यातून होणारा जंतुसंसर्ग अशा रुग्णाला फार महागात पडतो. अंग दुखलं म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नका. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारून, ते सांगतील तेवढंच.

गुळवेल नको. काढ्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. आईंना म्हणावं, पेज तुमच्या हातची द्या, ती औषधच आहे.

जळणारे पाय आणि पुढच्या गोळ्यांविषयी घरी सोडण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. ओढ कमी करणारी औषधं असतात, पण यकृत पाहून ती तेच ठरवतील. मध्यरात्री ओढ लागली आणि कुणाशी बोलायचं असेल तर मानसिक आरोग्याच्या टेली मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही सरकारी क्रमांक फोनवर साठवून ठेवा.

सांगे_तालुका

थोडं विषयांतर. माझा चुलतभाऊ तिशीतला आहे, रोज पितो पण थरथर वगैरे नाही. त्याला आत्ताच थांबवता येईल का? इतकं पुढे जाऊ द्यायचं नाही.

निवृत्त_परिचारिका

येईल, आणि हाच वेळ सोपा असतो. गोव्यातल्याच संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून, म्हणजे डॉक्टर नसलेल्यांकडून, काही बैठकींत असं काम करून दाखवलं. पिण्याने त्रास होऊ लागलेल्या पण पूर्ण आहारी न गेलेल्या पुरुषांवरचा तो अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि उपयोग होतो असं दिसलं. भावाला आधी जवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन यकृताची तपासणी आणि रक्तदाब बघून घ्या.

वाळपईचा_वाटसरू

चतुर्थीचं मी सांगतो. या वर्षी बाटली घरात येणारच नाही हे तुमच्या आईने सगळ्या भावकीला आधी फोन करून सांगावं. वहिनीने सांगितलं तर तिच्यावर बोल येतो, आईपुढे कुणी बोलत नाही. दादाला घुमट द्या वाजवायला, पडवीत जायला फुरसतच नको. आणि एखाद्याने तरी खिशातून आणलीच तर दादाने तिथे थांबून ताकद दाखवायची नाही, सरळ उठून वाटसरूला फोन करायचा. क्रमांक तुम्हाला खासगी निरोपात पाठवला आहे.

केवडा

निरोप मिळाला. आई आज संध्याकाळपासूनच फोन करायला बसली आहे, सुरुवात त्या शेजारच्या काकांपासून केली.