पणजोबा 'मोगलाईतून' आले म्हणतात, कागदावर मात्र सन १३१७! नक्की कुठे शोधायचं?

बार्शीचा_नातू:
मंडळी नमस्कार, बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर बार्शीत, निदान तीन पिढ्या तरी. घरात लहानपणापासून एकच गोष्ट ऐकलीय की पणजोबा मोठ्या दुष्काळात, म्हणजे तो १८७६ चा, 'मोगलाईतून' बायकापोरं घेऊन चालत बार्शीला आले. कुठल्या गावाहून ते कुणालाच सांगता येत नाही. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थान बार्शी, आणि एका वहीत त्यांनीच लिहून ठेवलंय "मूळ मोमिनाबादकडचे". मी नकाशात मोमिनाबाद शोधलं तर महाराष्ट्रात या नावाचा तालुकाच नाही.

आता गंमत ऐका. दिवाळीत माळा साफ करताना एका ट्रंकेत घडी घातलेला कागद मिळाला. वरचा मजकूर मोडीत असावा, खाली उर्दूसारखं काहीतरी आणि गोल शिक्का. मला त्यातला एकच आकडा वाचता आला, 'सन १३१७'. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तिथंच चुकलो. आमच्या एका काकांनी तासाभरात जाहीर केलं की आपण देवगिरीच्या यादवांच्या दरबारातले, ग्रुपचं नावसुद्धा बदलून 'देवगिरीकर परिवार' करून टाकलं. मला काही हे पटत नाही, त्या काळात असला शिक्का आणि असला कागद कुठून येणार. पण १३१७ म्हणजे नक्की काय तेही कळत नाही. बीडला एक चक्कर मारून आलो, "गावाचं नाव सांगा, मग बघू" एवढंच ऐकायला मिळालं, आणि त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. सुरुवात कुठून करू?

जुनं_दप्तर:
काकांना आधी पाणी द्या आणि मग हळूच सांगा की ते फसली सन आहे 😄

निजामाच्या राज्यात सगळा सरकारी व्यवहार फसली सनात चालायचा. त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं, म्हणजे १३१७ फसली म्हणजे १९०७. त्यातही बारकावा आहे, निजामाकडचं फसली वर्ष 'आजूर' महिन्यापासून म्हणजे ऑक्टोबरात सुरू व्हायचं, त्यामुळे कागद ऑक्टोबर ते डिसेंबरमधला असेल तर ५९० आणि पुढच्या वर्षातला असेल तर ५९१. महिन्याचं नाव वाचता आलं (दै, बहमन, इस्फंदार, तीर, मेहेर असलं काहीतरी असेल) तर नक्की सांगता येईल. आणि एक, नेटवर फसलीचं साल काढून देणाऱ्या ज्या साइट्स आहेत त्यातल्या बऱ्याच उत्तरेकडची फसली धरतात, तिथं फरक ५९२-५९३ चा आहे. त्यांच्या भरवशावर राहिलात तर दोन वर्षं इकडची तिकडे होतील.

मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई. निजामाच्या काळात ते नाव होतं, बीड जिल्ह्यातला तालुका, आणि तिथं हैदराबाद कंटिंजंटची (इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची) छावणी पण होती. म्हणून 'मोमिनाबादकडचे' याचा अर्थ त्या तालुक्यातलं कुठलंही खेडं असू शकतं, खुद्द अंबाजोगाईच असेल असं नाही.

आता मोगलाई. आपल्याकडची जुनी माणसं निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणायची आणि इंग्रजांच्या मुलखाला खालसा. बार्शी तालुका खालशात, सोलापूर जिल्हा, मुंबई इलाखा, पण जवळजवळ चारी बाजूंनी मोगलाईने वेढलेला. म्हणजे तुमचे पणजोबा पन्नास-साठ मैल चालून दुसऱ्या राज्यात आले, दुसरी भाषा, दुसरं नाणं, दुसरी कचेरी. निजामाचा हाली शिक्का आणि इंग्रजी कलदार रुपया, दोन्ही वेगळे. म्हणून तुमचं शोधकाम पण दोन राज्यांत विभागलंय. बार्शीत आल्यानंतरचं सगळं मुंबई इलाख्याच्या पद्धतीने सापडणार, आधीचं सगळं हैदराबादच्या पद्धतीने, आणि ही दोन दप्तरं एकमेकांना ओळखत नाहीत.

माझा सल्ला असा की बीड तूर्त विसरा, बार्शीतून उलटं चालत जा. पणजोबा वारले बार्शीत ना? मग तिथली जन्ममृत्यूची जुनी नोंदवही बघा, शहराबाहेर, खेड्यात असतील तर तहसीलला गाव नमुना १४ बघा, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. जमीन किंवा घर घेतलं असेल तर फेरफार. खालशात हक्काचं पत्रक (जमीन कुणाची याची सरकारी नोंद) १९०३ च्या कायद्याने आलं, त्यामुळे त्यानंतरच्या खरेदीत फेरफाराला घेणाऱ्याचं नाव आणि कधीकधी 'राहणार अमुक' असं पूर्वीचं गावही लिहिलेलं सापडतं. गावाचं नाव हातात आलं की मग मराठवाड्यात जा.

पैनगंगाकाठ:
जुनं_दप्तर यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि सरहद्दीवरून आठवलं म्हणून माझीच फजिती सांगतो, तुमचे हेलपाटे वाचतील.

माझ्या खापरपणजोबांच्या एका कागदावर 'जिल्हा बाशीम' लिहिलेलं. मी आनंदाने वाशिमला गेलो. तिथं एक भले गृहस्थ म्हणाले अहो आमचा जिल्हा १९९८ चा, इतकं जुनं इथं कसं मिळेल, अकोल्याला जा. अकोल्याला गेलो, दोन वेळा, एकदा साहेब रजेवर, एकदा चावीवाला रजेवर, तिसऱ्यांदा कुणीतरी दया येऊन रजिस्टरं काढून दिली तर त्यात आमचं गावच नाही. वर्षभराने एका जुन्या गॅझेटियरमध्ये डोळे उघडले. वऱ्हाडात पूर्वी बाशीम नावाचा स्वतंत्र जिल्हा होता, वाशिम, मंगरूळ आणि पुसद असे तीन तालुके. १९०५ ला तो जिल्हा मोडला, वाशिम-मंगरूळ अकोल्याला गेले आणि पुसद यवतमाळला. आमचं गाव पुसद तालुक्यातलं! म्हणजे कागदावर बाशीम लिहिलंय आणि कागदाचा माग यवतमाळात. आणि यवतमाळलाही तेव्हा वणी जिल्हा म्हणायचे, नाव पण १९०५ लाच बदललं.

हे एवढ्यावर संपत नाही. पणजीचं माहेर पैनगंगेच्या पलीकडचं. नदीच्या अलीकडे वऱ्हाड, म्हणजे १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात, आणि पलीकडे निजाम. नकाशात बघाल तर दोन गावांत बैलगाडीचं अंतर, पण तिच्या माहेरच्या कागदांना फसली सन आणि आमच्या कागदांना इसवी सन.

त्यामुळे मी आता काय करतो, गाव हातात आलं की आधी एक कोरा कागद घेतो आणि त्या गावाचीच वंशावळ लिहितो. कोणत्या साली कुठला तालुका, कुठला जिल्हा, कुठलं राज्य. माणसांची नंतर. मराठवाड्यासाठी १९४८ (पोलीस ॲक्शन), १९५० (एकमेकांच्या हद्दीत बेटासारखी अडकलेली गावं इकडची तिकडे केली ते), १९५६ (राज्य पुनर्रचना) आणि १९६० हे चार टप्पे तरी बघायचेच. राजुरा तालुक्याचं उदाहरण घ्या, आधी आदिलाबाद, १९५६ ला नांदेड, १९५९ ला चांदा. माणूस जागचा हललेला नाही आणि पत्ता तीन वेळा बदलला.

मोडी_शिकाऊ:
नातू दादा, कागदाचा फोटो नीट काढा, सावली न पडता, आणि चारही कोपरे येऊ द्या. माळ्यावर परत टाकू नका आणि कृपा करून लॅमिनेट करू नका!! आमच्याकडे एकीने आजीची सनद लॅमिनेट करून आणली होती, रडू यायचं बाकी होतं.

मी दोन वर्षं मोडी शिकतेय, अजून अडखळते पण सुरुवात ओळखता येते. 'मौजे' म्हणजे बाजारपेठ नसलेलं खेडं आणि 'कसबे' म्हणजे पेठेचं गाव, त्यापुढचा शब्द बहुतेक तुमच्या गावाचं नाव असेल. मग 'परगणे' किंवा 'तालुके', आणि माणसाच्या नावापुढे 'साकीन' असेल तर त्यापुढे त्याचं राहतं गाव. नावात 'वल्द' दिसला की त्याच्या पुढे बापाचं नाव, देशावर त्याच जागी 'बिन' दिसतं. बाई असेल तर 'भ्रतार', म्हणजे नवऱ्याचं नाव. आडनाव बऱ्याचदा नसतंच.

आणि इथंच माझी खरी भीती आहे. आडनाव नाही म्हणून लोक नुसतं नाव जुळलं की झाड लावून मोकळे होतात. एका गावात त्याच नावाचे चार जण आणि त्यातल्या दोघांच्या बापाचंही नाव एक, असं सर्रास असतं, कारण आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही तर वतनाची नावं, दोन पाटील म्हणजे एक घराणं नव्हे. बुद्रुक आणि खुर्द तपासा. कमीत कमी दोन वेगळ्या कागदांत बाप, गाव आणि जमीन जुळल्याशिवाय मी तरी वहीत पेनने लिहीत नाही, पेन्सिलनेच ठेवते.

उर्दू भागासाठी जवळपास कुणी म्हातारं माणूस आहे का बघा जे १९४८ च्या आधी मराठवाड्यात शाळेत गेलंय. हैदराबाद संस्थानात वरच्या वर्गांची पढाई उर्दूतून होती, त्यामुळे सगळ्याच समाजांतली जुनी माणसं उर्दू वाचतात. आता फार उरली नाहीत, म्हणून घाई करा. पुस्तकी उर्दू येणाऱ्याला कचेरीतलं शिकस्ता, म्हणजे घाईघाईचं मोडकं अक्षर लागेलच असं नाही हेही सांगून ठेवते.

अजून एक, घरातल्या बायकांना विचारलंत का? पणजीचं माहेर, कुलदैवत, लग्नात कुठल्या गावाला आमंत्रण जायचं, हे पुरुषांना ठाऊक नसतं. माझं मूळ गाव मला आत्याच्या एका ओवीतून मिळालं, कागदातून नाही.

बार्शीचा_नातू:
बाप रे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. पण मग एक घोळ होतोय, कागद १९०७ चा असेल तर दुष्काळ १८७६ चा कसा? पणजोबा आधीच बार्शीत आले होते तर मोगलाईतला १९०७ चा कागद आमच्या घरात का?

जुनं_दप्तर:
हाच खरा प्रश्न विचारलात. दोन शक्यता. एक, दुष्काळात आलेला माणूस पणजोबांचा बाप किंवा चुलता असेल आणि गावाकडची जमीन तशीच राहिली असेल. घरातल्या गोष्टीत दोन पिढ्यांचा एकच माणूस होऊन जातो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता नवल वाटत नाही.

दुसरी, आणि मला हीच जास्त पटते, ते दुष्काळाने आलेच नसतील. बार्शी लाइट रेल्वे १८९७ ला सुरू झाली, कुर्डुवाडीहून बार्शी, आणि १९११ ला ती छोटी गाडी लातूरपर्यंत गेली. मोगलाईतला कापूस, धान्य सगळं बार्शीच्या पेठेत यायला लागलं आणि त्यामागे माणसं. हमाली, आडत, जिनिंग, काम होतं. पण 'पोटासाठी रेल्वेच्या मागे आलो' यापेक्षा 'दुष्काळात पायी आलो' ही गोष्ट नातवंडांना सांगायला जास्त बरी वाटते ना.

कागद वाचल्याशिवाय ठरणार नाही. शेतसाऱ्याची पावती निघाली तर १९०७ ला जमीन त्यांच्या नावावर होती एवढं पक्कं.

बार्शीचा_नातू:
महिन्याने परत आलोय. पावतीच निघाली!! आमच्या गल्लीतल्या एका मित्राचे आजोबा, वय नव्वदच्या पुढे, चष्मा कपाळावर आणि भिंग डोळ्याला लावून अर्ध्या तासात वाचून दिलं. शेतसाऱ्याची रक्कम, महिना बहमन, म्हणजे तुमच्या हिशोबाने (आजूर, दै, मग बहमन) १९०७ चा डिसेंबर. मोडीचा भाग ताईंनी मेसेजमध्ये वाचून दिला, त्यात 'मौजे' नंतर गाव आहे, मी इथं लिहीत नाही, छोटं गाव आहे, लगेच ओळखू येईल.

पण गाव बीड जिल्ह्यात नाहीच! रेणापूरच्या बाजूला आहे, तो पट्टा पूर्वी अंबाजोगाई तालुक्यात होता आणि आता लातूर जिल्हा. मी बीडला नुसता हेलपाटा घातला. आता लातूरला जाऊन १९५४ चं खासरा पत्रक (मराठवाड्यातली जुनी जमीन नोंद) बघायचंय, आमच्या नावाचं शेत तेव्हा कुणाच्या नावावर गेलं होतं ते तरी कळेल.

आईला माहेराबद्दल विचारलं तर ती म्हणाली पणजीचं मला काय माहीत, पण तुझी आजी रेणुकेची ओटी भरायला माहूरला न जाता नेहमी 'आपल्याकडच्या' रेणुकेला जाऊ म्हणायची, ती कुठली ते आम्ही कधी विचारलं नाही. रेणापूरला रेणुकादेवीचं देऊळ आहे. हे सध्या पेन्सिलनेच लिहितोय, ताई.

काकांना सगळं दाखवलं. पावती बघून म्हणाले "म्हणजे सारा भरत होतो, घेत नव्हतो." ग्रुपचं नाव अजून देवगिरीकरच आहे.

पैनगंगाकाठ:
😂😂 राहू द्या नाव. आणि लातूरला जाण्याआधी फोन करून विचारा की त्या गावांचं जुनं दप्तर लातूरला आलंय की अंबाजोगाईतच पडून आहे. जिल्हा हलतो, गठ्ठे हलतातच असं नाही. चावीवाला आहे का तेही विचारा.