पगार वाढवूनही सिस्टर टिकत नाहीत, तपासायचं काय?

रंकाळाकाठ
कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीतल्या ३०-४० खाटांच्या हॉस्पिटलांत एकच रड ऐकू येते: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली मुलगी येते, आयसीयूचं काम शिकते आणि वर्षाच्या आत राजीनामा देते. पगार दोन हजारांनी वाढवला तरी फरक नाही. पुण्याची ओढ, परदेश वगैरे सोडा, हॉस्पिटलच्या हातातलं काय ते सांगा. सहा खाटांच्या आयसीयूला नऊ सिस्टर कमी पडतात का?

तांबडा_पांढरा
पडतात, आणि किती ते कागदावर काढता येतं. व्हेंटिलेटर नसलेल्या दोन पेशंटमागे एक सिस्टर, म्हणजे कोणत्याही क्षणी तिघी. आठवड्याचे १६८ तास गुणिले ३, झाले ५०४. एकीचे ४८ तास, म्हणजे साडेदहा जणी. त्यावर रजा-आजारपणासाठी इंडियन नर्सिंग कौन्सिल ३० टक्के जादा धरायला सांगतं. चौदा. तुमच्या नऊ जणींचे तास होतात ४३२. एकीनंही रजा घेतली नाही तरी आठवड्याला ७२ तास उघडे, ते डबल ड्युटीनंच भरतात. ८-२, २-८, ८-८ लावा नाहीतर आठ-आठ तासांच्या शिफ्ट, हिशेब तोच. त्यात एक पेशंट व्हेंटिलेटरवर गेला की एक सिस्टर त्याच्यापाशीच, आणि उरलेल्या पाचांना दोघी.

शिवाय ओव्हर, म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंट समजावून देणं. चालू सलाईन, पंप, इनटेक-आउटपुट (पोटात-सलाईनमधून किती गेलं, लघवीवाटे किती आलं), क्रॅश कार्टची (तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीची) मोजदाद, नीट दिला तर अर्धा तास लागतो. महिन्याच्या २६ ड्युट्यांत १३ तास, मस्टरवर शून्य. आठला सुटणारी साडेआठला सुटते, तोवर गावाकडची एसटी गेलेली. घरचे ‘सोड ती नोकरी’ म्हणतात ते यावरून. शिफ्ट अर्धा तास एकमेकींवर चढवा आणि तो वेळ ड्युटीत धरा. खर्च वाढेल, पण तो आजही होतोच आहे, फक्त सिस्टरच्या खिशातून.

केसपेपर
महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे पेशंट घेत असाल तर नाइटला कागद कोण जुळवतं ते बघा. मंजुरीची कागदपत्रं, फोटो, रिपोर्ट हे बिलिंगवाल्याचं काम. तो सहाला घरी गेला की सगळं सिस्टरच्या टेबलावर येतं, आणि क्लेम अडकला की बोलणीही तीच खाते.

नातेवाइकांनी अंगावर धाव घेतली तर फिर्याद हॉस्पिटलनं द्यावी, एकट्या मुलीला पोलिस ठाण्यात पाठवू नये. २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्यात हा गुन्हा अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. ‘मिटवून टाक’ हे शब्द ज्या दिवशी कानावर पडतात, त्याच दिवशी ती मनानं गेलेली असते.

दसरा_चौक
पगाराचंही बोलूया, तो एवढा गौण नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या निर्देशावरून नेमलेल्या समितीनं ५० खाटांच्या आतल्या हॉस्पिटलांनाही किमान २०,००० सुचवले होते. शिफारसच आहे, सक्ती नाही. पण त्याच्याही खाली असाल तर दोन हजारांची वाढ कुणाला जाणवणार?

बाँड (ठरावीक काळाआधी सोडलं तर पैसे भरायचा करार) आणि मूळ सर्टिफिकेटं कपाटात ठेवणं बंद करा. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मागता येते, कागद अडवून ठेवता येत नाहीत. उलट अनुभवपत्रावर विभाग, खाटा, तारखा नीट लिहून द्या. आखाती देशांतल्या नोकरीसाठी डेटाफ्लो ही कंपनी कागदपत्रांची पडताळणी करते तेव्हा विचारणा तुमच्याकडेच येते. तिथं अडवणूक झाली की पुढच्या बॅचला आधीच कळतं. हॉस्टेलच्या ग्रुपवर सगळं असतं.

रंकाळाकाठ
१४ परवडत नसतील तर?

तांबडा_पांढरा
दोन खाटा बंद ठेवा. चार खाटांना एका वेळी दोघी. १६८ गुणिले २, भागिले ४८, सात. वर ३० टक्के, ९.१. तुमच्या नऊ जणी चार खाटांच्याच आहेत.