विकेंद्रित समाजमाध्यमे : दोष लोकांच्या आळसाचा आहे का?

नेरूळवासी : परवा येथे एका सदस्याने लिहिले की, ‘मॅस्टोडॉन २०१६ पासून उपलब्ध आहे; तरीही लोक फेसबुक आणि एक्सला चिकटून राहतात, कारण ते आळशी आहेत.’ हे वाक्य मला इतके लागले की सविस्तर उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. मॅस्टोडॉन हे कुणा एका कंपनीच्या हाती नसलेले समाजमाध्यम आहे; खाती आणि लेखन साठवणारा सर्व्हर कुणीही चालवू शकतो, आणि असे अनेक सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असतात. नेरूळमधल्या तीस-पस्तीस मराठी मित्रांसाठी मी असा सर्व्हर दीड वर्ष पदरमोड करून चालवला आणि शेवटी बंद केला. माणसे मूठभर असूनही डिस्क भरत राहायची, कारण आमचे सभासद ज्यांना फॉलो करत, त्यांच्या सर्व्हरवरची छायाचित्रे आणि चित्रफिती आमच्याकडेही साठत. तोही खर्च सोसला असता. पण तक्रारींनी जीव मेटाकुटीला आला. आमच्या एका सभासदाने कुणाला तरी शिवीगाळ केली, मी त्या वेळी झोपलेलो होतो, आणि सकाळी उठून पाहतो तर एका मोठ्या सर्व्हरने आमच्याशी असलेली जोडणीच तोडून टाकली होती. एकाच्या वागण्यापायी बाकी सगळ्यांचे तिथले स्नेही तुटले. यात आळस कोणाचा?

नौपाडेकर : ते वाक्य माझेच आहे आणि मी ते मागे घेणार नाही. आपला अनुभव खरा असेल, पण दुसरी बाजूही पाहा. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, कू हे भारतीय समाजमाध्यम २०२४ मध्ये बंद झाले. दोन्ही वेळा वापरणाऱ्यांना कोणी विचारले होते का? २०१९ च्या अखेरीस ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाले, तेव्हा भारतातून हजारो लोक तावातावाने मॅस्टोडॉनवर आले. राग ओसरल्यावर त्यातले बहुतेक परतले. याला आळस म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

घणसोलीची वाचक : त्या परतलेल्यांमध्ये मी आहे, म्हणून उत्तर देते. आत पाऊल टाकण्यापूर्वीच ‘सर्व्हर निवडा’ असे सांगितले गेले, आणि कशाच्या आधारावर निवडायचा ते कळेना. मराठी लिहिणारे शोधले, तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच सापडले. तरी मी चिकाटीने वर्षभर लिहिले. पुढे दुसऱ्या सर्व्हरवर खाते हलवले, तेव्हा फॉलो करणारे बरोबर आले, पण माझे लेखन जुन्या जागीच राहिले, कारण ते हलवण्याची सोयच नव्हती. काही महिन्यांनी तो जुना सर्व्हर बंद झाला. वडिलांच्या आजारपणात लिहिलेले सगळे त्यातच गेले. कूच्या बंद होण्याचे दुःख मला सांगू नका.

घोडबंदरवासी : मूळ दुखणे फुकटच्या कामाचे आहे. आमच्या सोसायटीत मी सहा वर्षे सचिव होतो. टँकरची बिले, गळती, पार्किंगची भांडणे हे सगळे मी निस्तरायचे आणि वार्षिक सभेत चोर ठरायचे. राजीनामा दिला, तेव्हा दोनशे सदनिकांमधून एकही माणूस पुढे आला नाही. तरीही सोसायटी टिकते, कारण मेंटेनन्स सगळ्यांकडून घेतला जातो. सर्व्हरही तसाच चालवावा. सोशल.कूप हा मॅस्टोडॉन सर्व्हर सभासदांच्या वर्गणीवर, सहकारी तत्त्वाने चालतोच की.

नेरूळवासी : तुलना अर्धीच आहे. सोसायटीची थकबाकी राहिली, तर उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळतो. सर्व्हरची वर्गणी बुडवणारा दुसऱ्या सर्व्हरवर निघून जातो. शिवाय २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव जाहीर करावे लागते, आणि त्याने चोवीस तासांत तक्रारीची पोच द्यायची असते. हे लहान सर्व्हरलाही चुकत नाही; पन्नास लाख वापरकर्त्यांची मर्यादा पुढच्या, अधिकच्या जबाबदाऱ्यांसाठी आहे. नोकरी सांभाळून हे कोण करणार?

घोडबंदरवासी : तरीही आमच्याकडे पगारी व्यवस्थापक ठेवल्यावरच भांडणे कमी झाली. प्रत्येक घरामागे थोडी वाढ करावी लागली आणि त्यावर तीन सभा गाजल्या, पण शेवटी लोकांनी पैसे दिले.

नौपाडेकर : पुरे झाले तुमचे सोसायटीपुराण! तुम्हा सर्वांच्या म्हणण्याचा अर्थ मक्तेदारांच्या दारात बसून राहावे, इतकाच निघतो. गूगल टॉक या संदेशसेवेने २००६ मध्ये बाहेरच्या सर्व्हरांशी जोडणी खुली केली होती. २०१३ मध्ये टॉकच्या जागी हँगआउट्स आणताना गूगलने त्या जोडणीकडे पाठ फिरवली. मोठ्यांच्या मर्जीवर मोकळेपणा टिकत नाही, हे तेव्हाच दिसले होते.

घणसोलीची वाचक : मक्तेदारी कुणालाच नको आहे. ब्लूस्काय हे विकेंद्रित म्हणवणारे दुसरे समाजमाध्यम फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा माझ्या ओळखीतले बरेच जण तिकडे गेले, कारण शिरण्याचे दार एकच होते. परंतु तिथलीही बहुतांश खाती एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. जे सोपे होते ते एका हाती जाते, आणि जे अनेक हातांत राहते ते माझ्यासारखीला पेलत नाही. या पेचावर तुम्ही बोला, आळसावर नको.

नौपाडेकर : आपले लेखन गेले, त्याबद्दल मला वाईट वाटते, आळशी हा शब्द आपल्यापुरता मी मागे घेतो. बाकीचे मत कायम आहे. नेरूळवासींनी सर्व्हर पुन्हा उभा केला, तर दरमहा दोनशे रुपये देईन आणि शनिवारच्या तक्रारी पाहीन.

नेरूळवासी : शनिवार धरला. रात्रीच्या तक्रारींसाठी आणखी दोघे नावानिशी पुढे येईपर्यंत मी सर्व्हर घेणार नाही.