मॉरिस मायनर सपाटीवर झटके मारते, चढावर मात्र सुरळीत: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आजोबांनी पोर्तुगीज अमलात घेतलेली मॉरिस मायनर १००० (९४८ सीसी) अजून आमच्या म्हार्दोळच्या घरी आहे. चालती आहे, असं गेल्या महिन्यापर्यंत छाती ठोकून सांगत होतो.

पणजीला निघालो की पहिली दहा मिनिटं काही नाही. बाणस्तारीचा पूल ओलांडला, रस्ता सपाट लागला, ताशी ४५-५०ला पाय हलका ठेवून गाडी निवांत सोडली की झटके सुरू. करंट कोणीतरी चालू-बंद करतंय असं वाटतं. पाय पूर्ण सोडला किंवा जोरात दाबला की इंजिन पुन्हा पकडतं. गेल्या रविवारी मात्र जुन्या गोव्याजवळ बंदच पडली. मागे पर्यटकांच्या गाड्यांचे हॉर्न आणि मी बॉनेट उघडून उभा. पाच मिनिटांनी हँडल मारलं, अर्ध्या फेरीत चालू!

आणि फोंड्याकडे जाताना फर्मागुडीच्या चढावर पाय दाबून चढवली तर एकही झटका नाही. हे काय गौडबंगाल आहे?

आतापर्यंत बदललेलं: प्लग (गॅप २५ थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग), पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी पाती, गॅप १५ थाऊ), कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरचा रोटर आणि कॅप, हाय टेन्शन वायरी. तरी फरक नाही म्हणून मेस्तने (मेकॅनिकने) ठिणगीची कॉइलही नवी टाकली. आता तो म्हणतो, कार्बुरेटर खोलूया. खोलू का? पावसात कॅपमध्ये ओल धरायची तेव्हा सुकं फडकं फिरवून काम भागायचं. हे प्रकरण तसलं दिसत नाही.

प्रतिसाद १

पॉइंट-कंडेन्सरची कटकट काढून टाका, इलेक्ट्रॉनिक किट बसवा. माझ्या पद्मिनीला बसवलंय, बोनेट उघडायला विसरलो.

धागाकर्ता

दादा, आमच्या गाडीला पॉझिटिव्ह अर्थ आहे, बॅटरीचा प्लस बॉडीला. मायनस बॉडीला असलेल्या गाड्यांचं साधं किट लावलं तर तिथल्या तिथे जळेल. शिवाय रोग कळल्याशिवाय औषध नको.

प्रतिसाद २

कार्बुरेटरला हात लावू नका. पेट्रोल कमी पडत असतं तर चढावर आधी मेली असती, कारण तिथे पेट्रोल जास्त लागतं. तुमची गाडी चढावर खूश आणि सपाटीवर रडते. म्हणजे उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय.

प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला छोटी गोल डबी आहे ना, व्हॅक्यूमची? तिची बारीक नळी कार्बुरेटरला जाते. पाय हलका ठेवून गाडी पळते तेव्हा त्या नळीत ओढ तयार होते आणि पॉइंट ज्या पत्र्यावर बसलेत तो पत्रा थोडा फिरतो, ठिणगीचं टायमिंग पुढे जातं. पाय दाबला की ओढ जाते, पत्रा जागेवर येतो. पाय पूर्ण सोडला तरी तेच. हँडल मारतानाही पत्रा जागेवरच असतो, म्हणून चालू होते. त्या पत्र्याबरोबर दिवसभर वाकत राहते ती बाहेरच्या टर्मिनलवरून पॉइंटकडे येणारी बोटभर वायर. साठ वर्षं वाकून आतली तांब्याची तार तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत. पत्रा फिरला की तुटलेली टोकं सुटतात आणि करंट जातो, पण डोळ्यांना दिसणारच नाही. पत्र्याला डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीशी जोडणारी छोटी अर्थची वायर असते, तिचंही तेच होतं.

पहिली परीक्षा फुकटची. व्हॅक्यूमची नळी कार्बुरेटरकडून काढा, कार्बुरेटरवर ती जिथे बसते ते बारीक भोक बंद करा आणि बाणस्तारीला एक चक्कर मारा. पेट्रोल थोडं जास्त खाईल, पण झटके गेले तर चोर सापडला.

मग कॅप काढा, टर्मिनलवरची कॉइलची वायर सोडवा. मल्टीमीटर ओमवर, एक टोक टर्मिनलला, दुसरं पॉइंटच्या हलत्या पात्याला. नळीचं मोकळं टोक तोंडात धरून ओढा. पत्रा फिरताना आकडा उडाला तर वायर गेली. मग पत्रा आणि डिस्ट्रिब्युटरची बॉडी यांच्यात तसंच बघा.

आणि नवी कॉइल बघा. तुमच्या जुन्या कॉइलवर SW (स्विचकडची बाजू) आणि CB (डिस्ट्रिब्युटरकडची बाजू) अशी अक्षरं असतील, नव्यावर त्यांच्या जागी प्लस-मायनस असेल. पॉझिटिव्ह अर्थला प्लस डिस्ट्रिब्युटरकडे जातो. आपल्याकडे हात सवयीने उलटं जोडतात. गाडी चालते, पण ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं.

धागाकर्ता

सापडला चोर!

काल नळी काढून, कार्बुरेटरच्या भोकात कागदाचा बोळा घालून पार रायबंदरपर्यंत गेलो आणि आलो. एक झटका नाही. संध्याकाळी मल्टीमीटर लावून नळी ओढली (तोंडात पेट्रोलची चव अजून आहे). पत्रा जेमतेम मुगाच्या दाण्याएवढा सरकला आणि आकडा थेट अनंतावर. सोडली की शून्याच्या आसपास. बाबा बाजूला टॉर्च धरून उभे होते, म्हणाले, "पुन्हा ओढ." सहा वेळा ओढायला लावली.

वायर काढून वाकवली तर मधोमध आवरण दोऱ्यासारखं लुळं. कापली, आत तारांचा हिरवट चुरा. कॉइलही उलटीच होती, सरळ केली.

आता अडलंय ते वेगळंच. मेस्तने हेडलाइटची जाड वायर टाकायला घेतली होती, मी हात धरला. ती पत्र्याला फिरूच देणार नाही ना? मडगावला बारीक तारांची लवचीक वायर मिळेल का?

प्रतिसाद २

हात धरलात ते बरं केलंत, जाड वायर स्प्रिंगसारखी पत्रा अडवते आणि लवकरच पुन्हा तुटते. मडगावला कशाला जाता? जुन्या मल्टीमीटरच्या प्रोबची सिलिकॉनवाली वायर कापा. आत केसासारख्या तारा असतात, आवरण उष्णतेला वितळत नाही. डाग दोन्ही टोकांनाच द्या, टाक्याचं कथील वायरीत आत चढू देऊ नका, नाहीतर तिथेच तुटेल. मध्ये थोडी ढील ठेवा आणि कॅप लावण्याआधी वायर रोटरच्या दांड्याला घासत नाही ना, ते हँडल फिरवून बघा.