टीई हेडर वाकडा आला तर ४०० ('रिक्वेस्ट चुकीची' असा नकार) द्यायचा की काणाडोळा करायचा?

अर्धविराम:
हौसेपोटी स्वतःचा एचटीटीपी सर्व्हर लिहितोय आणि टीई हेडरच्या (रिक्वेस्टसोबत येणारी माहितीची एक ओळ) पार्सरपाशी (ती ओळ फोडून वाचणाऱ्या कोडपाशी) गाडी अडलीय. ज्यांचा याच्याशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: उत्तर पाठवताना चंक्डशिवाय (तुकड्यातुकड्यांनी पाठवण्याशिवाय) आणखी कोणती ट्रान्सफर एन्कोडिंग (वाटेपुरतं मजकूर बांधायच्या पद्धती, जसं डिफ्लेट किंवा जीझिपने दाबून लहान करणं) चालतील, आणि शेवटी ट्रेलर (मजकुरानंतर येणारे हेडर) आले तर घेणार का, हे क्लायंट यात सांगतो. असं:

टीई: ट्रेलर्स, डिफ्लेट;क्यू=०.५

आधी स्वल्पविरामावर तोडलं, मग अर्धविरामावर, आणि क्यूची, म्हणजे पसंतीच्या आकड्याची, किंमत फ्लोटमध्ये (दशांश संख्येत) घातली. दहा ओळी, काम फत्ते. नंतर एचटीटीपीच्या मानकातलं व्याकरण वाचलं आणि घाम फुटला. पॅरामीटरची किंमत अवतरणचिन्हांत असू शकते आणि त्या अवतरणात स्वल्पविरामही असू शकतो. क्यूला दशांशचिन्हानंतर फार तर तीन अंक, आणि किंमत १ च्या वर नाही. पायथनच्या फ्लोटला मात्र 'नॅन' (म्हणजे 'हा आकडाच नाही') ही अक्षरंही चालतात, आणि नॅन घुसला की पसंतीक्रम लावणारी क्रमवारी बिनभरवशाची. स्ट्रिंग यूटीएफ-८ म्हणून डीकोड केली असेल तर देवनागरीतला '०.५' सुद्धा तो बिनबोभाट स्वीकारतो! करून बघा. मराठी माणूस म्हणून छाती फुगली, पण पार्सर लिहिणारा म्हणून धसका बसला.

माझं मत: व्याकरणात न बसणारा टीई आला की सरळ ४००.

जुनं खोड:
अजिबात पटलं नाही. टीई ही क्लायंटची नुसती इच्छा आहे. तुम्ही हा हेडर न वाचता साधं चंक्ड उत्तर पाठवलंत तरी एचटीटीपी १.१ बोलणारा क्लायंट हूं की चूं करू शकत नाही, कारण चंक्ड त्याला यायलाच हवं. म्हणून तर टीईत चंक्डचं नाव घालायचंच नसतं. ज्याच्याकडे पाठ फिरवली तरी उत्तर बरोबरच जातं, त्यात एक अर्धविराम चुकला म्हणून अख्खी रिक्वेस्ट परत पाठवायची? मोडका तुकडा टाका आणि पुढे चला.

अर्धविराम:
'पाठवताना काटेकोर, घेताना उदार' हा इंटरनेटचे नियम घडवणाऱ्या पोस्टेल यांचा १९८० चा सल्ला. त्या उदारपणाची किंमत आपण अजून फेडतोय. रिक्वेस्ट स्मगलिंगची (एका रिक्वेस्टच्या पोटात दुसरी लपवून पाठवण्याची) चर्चा २००५ ची, आणि २०१९ मध्ये तोच प्रकार नव्याने गाजला. 'ट्रान्सफर-एन्कोडिंग' हे हेडरचं नाव आणि त्यापुढचं कोलन (:) यांच्यामध्ये एक मोकळी जागा सोडा. पुढचा प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) म्हणतो हा हेडर माझ्या ओळखीचा नाही, मागचा सर्व्हर म्हणतो चालतंय की. झालं, एकाच्या लेखी एक रिक्वेस्ट आणि दुसऱ्याच्या लेखी दोन.

जुनं खोड:
अहो, ते ट्रान्सफर-एन्कोडिंग! बॉडी (मूळ मजकूर) कुठे संपते हे तो ठरवतो. तिथे ४०० द्या, कनेक्शनही तोडा, माझा पूर्ण पाठिंबा. टीई काहीच ठरवत नाही. तुमचं चाललंय ते साप साप म्हणून भुई धोपटणं आहे.

मधला प्रॉक्सी:
दोघांच्या भांडणात मूळ मुद्दा राहतोय. टीई फक्त पुढच्या टप्प्यापुरता असतो. म्हणून पाठवणाऱ्याने कनेक्शन हेडरमध्येही 'टीई' लिहायचं असतं, आणि मधल्याने तो काढून घ्यायचा असतो. आमच्याकडे एका मधल्या पेटीने तो काढलाच नाही. बाहेरून १.१ वर 'टीई: जीझिप' आला, पेटीने जसाच्या तसा आत एचटीटीपी/२ वर ढकलला. तिथे टीईमध्ये 'ट्रेलर्स'खेरीज काहीही चालत नाही, त्यामुळे मागच्या सर्व्हरने स्ट्रीम (त्या रिक्वेस्टची देवाणघेवाण) मोडून टाकला. आम्ही दोन दिवस जीझिपच्या लायब्ररीत ढेकूण (बग) शोधत बसलो होतो. पार्सर चोख होता, हेडर चुकीच्या दारात उभा होता.

आणि आज टीई पाठवतं कोण? जीआरपीसी (दूरच्या प्रोग्रामची फंक्शनं बोलावण्याची पद्धत) 'ट्रेलर्स' पाठवतं, फायरफॉक्स एचटीटीपी/२ वर तेच पाठवतो. कर्लला (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणारं साधन) मुद्दाम सांगितलं तर तो जीझिप मागतो. क्यू लावलेला टीई मी प्रत्यक्षात पाहिल्याचं आठवत नाही. 'ट्रेलर्स' आहे का बघा, बाकी सोडा.

अर्धविराम:
'आहे का' कसं बघणार? हे घ्या:

टीई: फू;अ="क्ष, ट्रेलर्स"

नुसतं शोधलंत तर सापडेल, स्वल्पविरामावर तोडलंत तर शेवटी एक अवतरणचिन्ह चिकटलेला 'ट्रेलर्स' मिळेल. एका शब्दासाठीही पूर्ण टोकनायझर (शब्द आणि चिन्हं वेगळी करणारा कोड) लागतोच. मग तो लिहिलाच आहे तर चूक दिसल्यावर गप्प का बसायचं?

मधला प्रॉक्सी:
खरंय, ही केस माझ्याही कोडमध्ये चुकेल. आज बघतो.

जुनं खोड:
टोकनायझर लिहा की, कोण नको म्हणतंय. वाद चूक सापडल्यावर काय करायचं याचा आहे. एक मात्र सांगतो, यात तुमची बाजू घेतोय असं समजू नका: क्यू लिहिलाच नसेल तर १ धरतात, पण क्यू मोडका असेल तर ० (म्हणजे 'नको') धरा. बरेच पार्सर दोन्हीकडे १ धरतात आणि न मागितलेली एन्कोडिंग क्लायंटच्या गळ्यात मारतात.

अर्धविराम:
० चं पटलं, घेतो. तरी ४०० तूर्त ठेवतोय. महिनाभर लॉगमध्ये किती जण अडकतात ते बघू. एकही खरा क्लायंट अडकला तर तुमच्या पद्धतीने करतो.

जुनं खोड:
जो अडकेल तो तुमच्या सर्व्हरकडे पुन्हा फिरकणार नाही, मग लॉगमध्ये दिसणार कोण?