आईच्या पंचाहत्तरीला पाच मिनिटं बोलायचंय, काही सुचतच नाहीये

सिडकोकर
मंडळी मदत करा. पुढच्या महिन्यात आईची पंचाहत्तरी आहे, नाशिकलाच गंगापूर रोडला छोटा हॉल घेतलाय, दीडेकशे माणसं येतील आणि थोरला म्हणून मीच बोलायचं असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. मी अंबडला कारखान्यात क्वालिटी तपासणीत आहे, मला रिजेक्शन रिपोर्ट लिहिता येतो, भाषण नाही! तीन रात्री वही घेऊन बसलो तर 'आई म्हणजे मायेचा सागर' याच्यापुढे गाडी जात नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर शोधलं तर तिथेही सागरच. शिवाय तिच्याबद्दल पोरांसाठी थोडं लिहूनही ठेवायचंय, दहीपुलाजवळच्या वाड्यातले दिवस वगैरे, पण तेही दोन ओळीत संपतं. तुम्हा लोकांना सुचतं कुठून?

घाटावरचा काका
अरे, मे महिन्यात गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाघाटावर, वसंत व्याख्यानमाला असते ना, यशवंत महाराज पटांगणावर, 1922 पासूनची. मी कॉलेजात असल्यापासून जातोय. मागच्या रांगेत बसायचं आणि वक्त्याकडे न बघता लोकांकडे बघायचं. वक्ता संस्कृती, मूल्यं, समाज असं बोलायला लागला की माणसं चपला शोधायला लागतात, आणि तोच जर म्हणाला की आमच्या घरी एकच छत्री होती, की सगळ्यांच्या माना वर. आपलंच बघ ना, पूर आला की धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातम्यांत सांगतात, पण आपण एकमेकांना काय विचारतो? गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलंय. कमरेला की गळ्याला. 2016 आणि 2019 ला तर मारुती दिसेनासा झाला एवढं म्हटलं तरी नाशिककराला पुढचं काही सांगावं लागत नाही. तुझ्या आईच्या बाबतीत तसा मारुती कुठला ते शोध, सागर राहू दे.

मास्तरीणबाई
काकांचं पटलं, पण शोधायचा कसा ते कुणी सांगत नाही. मी सासूबाईंना विचारलं होतं, 'आई, तुमच्या आयुष्याबद्दल सांगा ना', तर म्हणाल्या 'त्यात काय सांगायचंय, केलं सगळं'. संपलं!! मग एकदा माळ्यावरचा जुना स्टोव्ह खाली काढला तर त्या आपोआप सुरू झाल्या, पिन कशी मोडायची, रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून नंबर कसा लावायचा, नि एकदा पावसात कुणीतरी यांचा डबा मागे सरकवला म्हणून रांगेत झालेलं भांडण, तेही सगळ्या आवाजांसकट. दीड तास. माणसाला विचारू नका, वस्तूला विचारा. तुमच्याकडे तर सोपंय, भांडीबाजाराच्या गावात राहता, मांडणीवरची भांडी उलटी करून नावं वाचा. कुणी, कधी, कशाबद्दल दिलं सगळं कोरलेलं असतं.

कमी साखर
मला हे 'सुचणं' प्रकरणच कळत नाही. सुचायची वाट बघत बसलात तर हॉलवर पोचेपर्यंत सुचणार नाही. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि बायकोला गोष्ट सांगितल्यासारखं बोला, मग ऐकून लिहून काढा, लिहिताना आपोआप पुस्तकी होतं म्हणून हा क्रम. पाच मिनिटं म्हणजे साधारण पाचसहाशे शब्द, त्याच्या वर जाऊ नका, लोक जेवायला आलेले असतात. आणि पाठ करू नका हो. मी आमच्या ऑफिसात एका साहेबांच्या निरोपाला अख्खं पाठ करून गेलो, मधेच कुणाचा तरी फोन वाजला, दुवा तुटला तो तुटलाच, शेवटी 'धन्यवाद' म्हणून खाली बसलो आणि साहेबांचं नाव घ्यायचंच राहिलं. चिठ्ठीवर चार शब्द फक्त.

सिडकोकर
मास्तरीणबाई, साष्टांग नमस्कार. रविवारी सगळी भांडी ओट्यावर काढली, बायको म्हणाली डोकं फिरलंय का. लग्नातली, बारशातली, सत्यनारायणाची, मामाने दिलेल्या परातीवर तर स्पेलिंग चुकलेलं. आणि तळाला एक पितळी तपेलं, त्यावर आमच्यापैकी कुणाचंच नाव नाही, एका बाईंचं नाव आणि तारीख 12-5-74. आईला दाखवलं तर ती आधी गप्प, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. वाड्यात खालच्या खोलीत त्या बाई राहायच्या, माझ्या बारशाला लापशीसाठी मागून आणलेलं, नंतर त्यांची बदली झाली आणि द्यायचं राहून गेलं. पत्ता नव्हता. सिडकोत राहायला येताना बाबा म्हणाले मोडीत घालू, तर हिने भांडून ठेवून घेतलं, दर दिवाळीला चिंच लावून घासते, का तर 'लोकाचं आहे, त्या आल्या तर काळं कसं द्यायचं'.

मी ते भांडं गेली पन्नास वर्षं घरात बघतोय राव.

सुरुवात ठरलीय, तपेलं घेऊनच स्टेजवर जाणार आणि सांगणार की आमच्या आईने एक भांडं ढापलंय. तिला कुणकुण लागलीय, म्हणते असलं काही बोललास तर जेवायला न थांबता रिक्षा करून घरी जाईन. काका, तुम्हीच सांगा, बोलू का?

घाटावरचा काका
बोल. रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेव.